धवलारणीचा डावा डोळा

डोळ्यांतून पाणी येतं म्हणून आमच्या दवाखान्यात आलेली माणसं खुर्चीत बसल्या बसल्या आधी खुलासा करत, ‘मी रडत नाहीये हं.’ पुरुष हे जरा जोरात सांगत. मी म्हणायचो, ‘रडणाऱ्यांना आम्ही तपासतच नाही. हनुवटी इथे टेका.’ तेहेतीस वर्षं मी हे एकच वाक्य वापरलं आणि ते विनोद म्हणून खपत राहिलं. पेशंट दरवेळी नवा असतो, हा आमच्या धंद्याचा मोठा फायदा.

मी डॉक्टर नाही. डोळे तपासण्याचा कोर्स करून जुन्या पनवेलमधल्या एका दवाखान्यात लागलो आणि तिथूनच निवृत्त झालो. शस्त्रक्रिया डॉक्टर मॅडम करायच्या. नंबर काढणं, डोळ्याचा दाब मोजणं, थेंब घालून बाहुली मोठी करणं आणि अश्रूंची नळी उघडी आहे की बंद ते पाहणं, ही माझी कामं. पेशंट मलाही डॉक्टर म्हणत. सुरुवातीला मी दुरुस्ती करायचो. पण दुरुस्ती केली की माणसं चष्म्याच्या नंबरावर शंका घ्यायला लागत, म्हणून ते सोडून दिलं.

या अंकाच्या संपादकांना माझ्याकडून उपयुक्त लेख हवा होता: डोळ्यांतून पाणी येण्याची कारणं, त्यावरचे उपचार, आणि जमल्यास एक आकृती. निवृत्त माणसाकडे वेळ असतो असं त्यांनी गृहीत धरलं होतं. वेळ आहे. गेल्या माघात माझी बायको सुधा गेली, तेव्हापासून वेळच आहे. पण लिहिणं फार सावकाश होतं. एक परिच्छेद होतो, मग तो तिला वाचून दाखवायला मी उठतो, आणि पुन्हा येऊन बसतो.

भेटायला येणारी माणसं माझ्या डोळ्यांकडे पाहतात. किती रडून झालंय याचा अंदाज घेत असावीत. मीही सवयीने त्यांच्या पापण्यांच्या कडा पाहतो. गेल्या काही महिन्यांत सांत्वनाला आलेल्यांपैकी दोघांना मी डोळे तपासून घ्यायला सांगितलं आहे. एकाचा मोतीबिंदू निघाला.

आता उपयुक्त भाग. डोळ्यात पाणी सतत तयार होतच असतं. पापणी मिटली की ते डोळाभर पसरतं आणि नाकाच्या बाजूच्या कोपऱ्यात दोन बारीक छिद्रं असतात, त्यांतून निघून जातं. पुढे एक छोटी पिशवी, तिच्याखाली नळी, आणि नळी उघडते नाकात. म्हणून रडलं की नाक वाहतं. तेव्हा डोळ्यांतून पाणी वाहायची कारणं दोनच. एक तर पाणी जास्त होतंय, किंवा जायची वाट बंद आहे. वाट बंद असेल तर ती मोकळी करायची. पाणी जास्त होत असेल तर का होतंय ते शोधायचं: पापणीचा केस आत वळून टोचतोय, धूळ गेलीय, अ‍ॅलर्जी आहे, की आणखी काही. एवढं कळलं की निम्मा दवाखाना कळला. उरलेला निम्मा माणसांचा असतो आणि तो पुस्तकात नाही.

तान्ह्या मुलांची नळी कधी कधी जन्मतः उघडलेली नसते. एक डोळा सारखा ओला, सकाळी चिकटलेला. आईला शिकवायचं, की नखं कापून, हात धुऊन करंगळीने डोळ्याच्या कोपऱ्यापासून नाकाच्या कडेने खाली हलका दाब द्यायचा, दिवसातून अनेकदा. बहुतेकांची नळी पहिल्या वर्षात आपोआप उघडते. एकदा कुवेतहून सुट्टीवर आलेला एक तरुण बाप आपली मुलगी घेऊन आला. दवाखान्याजवळच्या मोहल्ल्यातला मुलगा, त्याच्या पहिल्या चष्म्याचा नंबर मीच काढलेला.

‘सर, माझी छुट्टी चाळीस दिवसांची आहे,’ तो म्हणाला. ‘इन्शाल्ला त्याच्या आत उघडेल ना?’

‘नळीला तुमच्या तिकिटाची तारीख कळवता येत नाही,’ मी म्हटलं.

‘तरी पण अंदाज?’

त्याने घड्याळ लावून मालीश केलं. बायकोला हात लावू दिला नाही. नळी उघडली ती तो विमानात बसल्यानंतर तिसऱ्या दिवशी. त्याची बायको मुलीला दाखवायला आली तेव्हा म्हणाली, ‘सर, तुम्ही फोनवर त्यांना सांगा, त्यांच्या मालीशनेच झालं. मी सांगितलं तर खरं वाटत नाही.’ मी सांगितलं. शास्त्राला त्याने काही फरक पडला नाही.

दुसरा एक, न्हावा-शेवा बंदराच्या रस्त्यावर कंटेनर चालवणारा. डोळे लाल, पाणी वाहतंय, म्हणून मेडिकलवाल्याकडून थेंब घेतले. गुण आला, म्हणून वर्षभर तेच घातले. आमच्याकडे आला तो पाण्यासाठी नव्हे. ‘डोळे एकदम झकास आहेत,’ म्हणाला, ‘फक्त समोरच्या गाडीच्या दिव्याभोवती गोल दिसतंय.’ डोळ्याचा दाब मोजला आणि मी त्याला उठू न देता मॅडमना हाक मारली. त्या थेंबांत स्टेरॉइड होतं. लाली घालवतं, पाणी थांबवतं आणि आतून नजर खातं. मॅडमनी औषध बंद केलं. तो नाराज झाला. जे औषध लागू पडत होतं तेच आम्ही काढून घेतलं होतं. संपादकांना उपयुक्त काही हवं असेल तर हेच: डोळ्यात घालायचं औषध दुकानदाराला विचारून घेऊ नका.

आता जिच्यासाठी लिहायला बसलो तिच्याकडे येतो.

गोमाबाई उरणच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावच्या. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही. सासर-माहेर दोन्हीकडे मिठागरं. लग्न होऊन आल्यापासून मिठागरं बंद होईपर्यंत त्या मीठ ओढत होत्या. आता तिथे कंटेनर रचून ठेवलेले असतात. पण गाव त्यांना ओळखायचं ते धवलारीण म्हणून. आगरी लोकांच्या लग्नात भटजी येतो, पण लग्न लावते ती धवलारीण. मांडव घालण्यापासून हळदीपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं, म्हणजे धवला, तिने म्हणायचा. देवांना लग्नाचं बोलावणं तीच गाण्यातून करते, आणि त्या गावात देवांनंतर घरातल्या गेलेल्या माणसांनाही नाव घेऊन बोलावतात. कुठलं नाव कुणानंतर घ्यायचं हे तिच्या डोक्यात असतं. कागदावर नाही.

त्या आल्या तेव्हा डाव्या डोळ्याला पदराचं टोक लावून होत्या. बरोबर मुलगा रमाकांत, गळ्यात जाड साखळी, हातात गाडीची किल्ली.

‘माज्या डोल्यान पानी येतं,’ त्या म्हणाल्या. ‘दोन वर्सां झाली. ते थांबवा. मोठा कायतरी करायचा आसंल तरी करा. पन वैशाखाच्या आदी.’

‘वैशाखात काय आहे?’

‘नातीचं लगीन,’ रमाकांत म्हणाला. ‘माज्या पोरीचं. श्रुतिकाचं.’

‘मंग? लगनान धवला कोन बोलनार?’ गोमाबाई म्हणाल्या. ‘लोका बोलतान, रडती धवलारीन नको. मांडवान बसलं की डावा डोला गलतंय. नवरीची आय घाबरते. मागच्या साली दोन घरांनी मला नाय बोलवलं. भावकीतलीच घरां.’

‘आये, ते कशाला आता,’ रमाकांत म्हणाला.

‘का नको? डॉक्टरला सांगाया नको, मंग कोनाला? तुजी बायको पन परवा बोललीच ना, आत्याबाय, डोल्याचा कायतरी बगा, पावन्यांमदी बरा नाय दिसत.’

रमाकांतने किल्लीकडे पाहिलं. नातीच्या लग्नात आजी धवलारीण असून धवला दुसरीने म्हटला, की त्या गावात त्याचा अर्थ एकच. नंतर कुणी बोलावत नाही.

मी नळी तपासली. ती तपासणी अशी: डोळा बधिर करायचा, कोपऱ्यातल्या छिद्रात बोथट, बारीक सुई घालायची आणि सिरिंजने मिठाचं पाणी सोडायचं. वाट उघडी असेल तर पाणी नाकातून घशात उतरतं आणि पेशंटला खारट लागतं. बंद असेल तर ते परत डोळ्यातूनच बाहेर येतं. गोमाबाईंनी पूर्ण आयुष्यात कुणाला डोळ्याला हात लावू दिला नव्हता. सुई लागताच त्यांनी डोळा घट्ट मिटला. निम्मं पाणी गालावर आलं. उरलेलं निम्मं कुठे गेलं ते मी त्यांनाच विचारलं.

‘घशात खारट लागलं का?’

‘नाय.’

मी पुन्हा थोडं सोडलं. ‘आता? खारट?’

‘नाय, नाय. जराबी नाय.’

त्यांनी आवंढा गिळला होता. मी तो भीतीचा समजलो. कागदावर लिहिलं, डावी नळी बंद. मॅडमनी माझं अक्षर पाहिलं आणि स्वतः पुन्हा तपासलं नाही. इतक्या वर्षांत आमच्यात एवढा विश्वास साठला होता, आणि तो असा खर्च झाला.

बंद नळीवर उपाय म्हणजे शस्त्रक्रिया. नाकाच्या हाडात छोटं भोक पाडून अश्रूंच्या पिशवीला नवी वाट करून द्यायची. अवघड नाही, पण त्यानंतर सूज येते, नाकातून रक्त येऊ शकतं, काही आठवडे जोर लावायचा नाही. मॅडमनी हे समजावलं तेव्हा रमाकांतने विचारलं, ‘मंग गायचं?’

‘इतक्यात नाही. रात्र रात्र गाणं तर अजिबात नाही.’

लग्नाला पाच आठवडे राहिले होते. मॅडमची तारीख मिळत होती दोन आठवड्यांनी. गोमाबाई दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने पाहत राहिल्या. पाणी थांबवण्यासाठी जे करायचं, त्यानेच नातीच्या लग्नातला धवला हातचा जाणार होता, आणि नाही केलं तरी जाणार होता. शेवटी त्या म्हणाल्या, ‘करा. पुडची लग्नां तरी होतील.’ रमाकांतने त्याच आठवड्यात उरणकडच्या दुसऱ्या धवलारणीला बोलावण्याची सुपारी दिली. हे मला नंतर कळलं.

सुधा त्या गावच्या शाळेत अकरा वर्षं शिकवायला होती. म्हणून जेवताना मी तिला गोमाबाईंबद्दल सांगितलं. आम्ही दोघंही जेवताना पुस्तक उघडं ठेवणारे. तिने वाचता वाचता विचारलं, ‘नळी बंद आहे हे कसं कळतं तुम्हांला?’ मी सांगितलं. तिने पुस्तक मिटलं.

‘म्हणजे तुम्ही गोमाबाईंना विचारलंत, खारट लागतं का?’

‘हो.’

‘अहो, त्या गावात पहिल्या महिन्यात मला कुणाच्या घरचा घास गिळवत नव्हता. पोरं डब्यातल्या भाकरीवर वरून मीठ घ्यायची. खडे. मी ताक प्यायला दिलं तर म्हणायची, बाई, यात मीठच नाय. तुमच्या त्या सिरिंजमधलं पाणी किती खारट असतं?’

‘अश्रूंइतकं.’

‘मग तिला ते गोडं पाणी वाटलं असणार,’ ती म्हणाली आणि हसायला लागली. मी हसलो नाही. माझ्या पानातली आमटी गार झाली. त्या आवंढ्याची मला आठवण झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी रमाकांतला फोन करून आईला पुन्हा घेऊन यायला सांगितलं. ‘आणखी एक तपासणी राहिली आहे,’ म्हणालो. हे पूर्ण खोटं नव्हतं. या वेळी गोमाबाईंच्या डोळ्याला पिवळ्या रंगाची कागदी पट्टी लावली. हा रंग डोळ्यातल्या पाण्यात मिसळतो, आणि वाट उघडी असेल तर थोड्या वेळात नाकात उतरतो. पाच-सात मिनिटांनी मी त्यांच्या हातात पांढरं फडकं दिलं. ‘नाक शिंकरा.’

त्यांनी शिंकरलं, फडकं उघडून पाहिलं आणि रमाकांतपुढे धरलं. ‘बग. नाकातना हलद आली.’

फडक्यावर पिवळा डाग होता. मग पुन्हा सुई घातली, आणि आता नीट विचारलं, ‘घशात पाणी आलं का?’

‘आलं की.’

‘आणि मागच्या वेळी?’

‘तवा बी आलंवतं.’

‘मग सांगितलं का नाही?’

‘तुमी पानी आलं का असं इचारलंच नाय,’ गोमाबाई म्हणाल्या. ‘खारट हाय का, ते इचारलंव. खारट नवतं.’

मी आत जाऊन मॅडमना सांगितलं. त्यांनी कागद मागवला, माझं अक्षर पाहिलं, खालची स्वतःची सही पाहिली. मग म्हणाल्या, ‘मी पाहायला हवं होतं. ऑपरेशन रद्द. पण त्यांच्या घरी सगळ्यांना ही गोष्ट कळायला हवी, आणि ती तुमच्या तोंडून.’ पाणी कशामुळे येतंय तेही त्यांनी मग स्वतः शोधलं. डोळा कोरडा होता.

इथे वाचकांचा गोंधळ होणार हे मला माहीत आहे. प्रत्येक पेशंटचा होतो. डोळ्यातलं नेहमीचं पाणी नुसतं पाणी नसतं. पापणीच्या कडेला तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांचा पातळ थर त्या पाण्यावर असतो आणि तो त्याला डोळ्यावर धरून ठेवतो. वय झालं, ग्रंथी तुंबल्या, वर धूळ, की थर बिघडतो. डोळ्याला कोरड पडते, तो चुरचुरतो, आणि घाबरून एकदम खूप पाणी सोडतो. ते पाणी टिकत नाही, गालावर येतं. उपाय असा, की पापण्यांना गरम शेक द्यायचा, कडा रोज स्वच्छ करायच्या, आणि डोळ्यात अश्रूंसारखे थेंब घालायचे. पाणी वाहणाऱ्या डोळ्यात पाणी घालायला सांगणारा माणूस फार शहाणा दिसत नाही.

रविवारी सुधा आणि मी त्या गावी गेलो. रमाकांतचा तीन मजली बंगला, पुढे मोठं अंगण, अंगणात लग्नाच्या पत्रिकांचे गठ्ठे आणि नावं टाकायला बसलेली भावकी. सुधाला पाहून रमाकांत, तिचा जुना विद्यार्थी, उठून उभा राहिला.

‘बाई, तुमी कशाला आल्याव? मला बोलवायचं.’

‘रम्या, बस खाली,’ सुधा म्हणाली. ‘यांना काहीतरी सांगायचंय.’

मी कमी बोलणारा माणूस. पंधरा-वीस अनोळखी चेहऱ्यांसमोर तर मला स्वतःचं नावही आठवत नाही. तरी म्हणालो, ‘माझी चूक झाली. गोमाबाईंची नळी बंद नाही. मी चुकीचं लिहिलं. ऑपरेशनची गरज नाही. त्या गाऊ शकतात.’

पेनं थांबली. कुणीतरी विचारलं, ‘मंग डोला का गलतंय?’

‘डोळा कोरडा आहे.’

अंगण हसलं. एक म्हातारा म्हणाला, ‘डॉक्टर, आता आमचं गाव पन कोरडं हाय बोला, समोर खाडी हाय तरी.’ हशा वाढला. हसल्या नाहीत त्या दोघीच, सुधा आणि गोमाबाई. गोमाबाई विचार करत होत्या. मी तेलाच्या थराचं समजावायला लागलो, तर त्यांनी हात वर केला.

‘मिठागरासारखा हाय तो,’ त्या हसणाऱ्यांना म्हणाल्या. ‘बांध धड आसला तर वाफ्यान पानी थांबतं. बांध गेला की भरती येते, निसती धावते नि जाते. वाफा कोरडाच. कलला का?’

मिठागरात काम केलेले जे चार-पाच जण होते त्यांचं हसणं थांबलं. माझी आकृती इथेच काढून झाली, संपादकांनी समजून घ्यावं.

पण रमाकांतची बायको सुनीता पत्रिका हातात घेऊन तशीच उभी होती. ‘सुपारी दिली हाय तिला,’ ती हळू आवाजात म्हणाली. ‘ती बाय पन मानाची. आता नको कसा सांगायचा?’ सुपारी परत घेता येत नाही, घेतली तर त्या बाईचा अपमान. हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. ऑपरेशन मी रद्द करू शकत होतो, सुपारी नाही. गोमाबाई उठल्या आणि आत जाताना म्हणाल्या, ‘मी मागं बसन. मागनं साथ देतान ना बाया, तशी. माज्या नातीचं लगीन हाय, घरान नाय बसनार.’

येताना पनवेल आलं तेव्हा सुधा एवढंच म्हणाली, ‘तुम्ही सांगितलंत ते बरं केलंत. उशिरा सांगितलंत.’

लग्नापर्यंत गोमाबाईंनी शेक, स्वच्छता, थेंब सगळं चुकू न देता केलं. मी दर आठवड्याला पाहत होतो. डोळा सुधारत होता. लग्नाच्या आदल्या दिवशी, मांडवाच्या विधीला आम्ही दोघं गेलो. उरणकडची धवलारीण गोमाबाईंपेक्षा पुष्कळ तरुण, आवाज मोठा, समोर माइक. तिच्या मागे साथीला बसलेल्या बायकांत गोमाबाई. मी त्यांचा डावा डोळा समोर येईल अशी खुर्ची धरून बसलो आणि मिनिटाला पापणी किती वेळा मिटतेय ते मोजू लागलो. उत्तम चाललं होतं. गाल कोरडा. मी सुधाला कोपराने खुणावलं, ती म्हणाली, ‘गाणं ऐका.’

देवांची बोलावणी झाली. मग घरातल्या गेलेल्या माणसांची वेळ आली. तरुण धवलारणीपुढे वही होती, सुनीताने नावं लिहून दिलेली. आजोबा, पणजोबा, पणजी. चार नावं झाली आणि वही संपली. ती थांबली. मागच्या बायका पुढच्या नावाची वाट पाहत राहिल्या. माइकमधून नुसती खरखर ऐकू येत होती.

तिने मागे वळून पाहिलं. ‘काकी, पुडं?’

गोमाबाईंनी जागेवरूनच धरलं. माइक नव्हता, तरी ऐकू आलं. भरतीत होडी उलटून गेलेला दीर. मिठागरावर बाळंत झालेली आणि तिथेच राहिलेली जाऊ. नाव ठेवायच्या आतच गेलेली एक पोर, तिला ‘बारकी’ म्हणून हाक. ज्यांचा कुठल्या सातबाऱ्यावर उल्लेख नव्हता, फोटो नव्हता, त्यांना त्या एकेक करून लग्नाला बोलावत होत्या. शेवटी नवऱ्याचं नाव. आणि त्यांच्या गालावरून पाणी ओघळलं.

भर मांडवात, सगळ्या भावकीसमोर. मी सुधाच्या कानाशी लागलो, ‘सकाळचे थेंब चुकले असणार. मी बाटली आणली आहे, कुणाच्या तरी हाती...’

‘गप्प बसा हो,’ सुधा म्हणाली. ‘ती रडतेय.’

तेव्हा मी उजव्या डोळ्याकडे पाहिलं. तिथूनही तेवढंच येत होतं. एवढ्या वर्षांत मी पाण्याची सगळी कारणं शिकलो होतो, आणि हे पाहायचं राहून गेलं होतं.

सुनीता रडत होती. ज्या बायकांनी रडती धवलारीण नको म्हटलं होतं त्या नाक पुसत होत्या. बोलावणी संपल्यावर उरणकडची धवलारीण उठली, माइक उचलून गोमाबाईंच्या पुढ्यात ठेवला आणि स्वतः त्यांच्या मागे जाऊन बसली. ‘तुमी पुडं बोला काकी,’ ती म्हणाली, ‘मी साथ धरतंय.’ तिच्या मोठेपणाबद्दल गावात कुणी काही बोललं नाही, म्हणून मी इथे लिहून ठेवतो. हळदीपासून पाठवणीपर्यंत सगळं गोमाबाईंनी केलं.

त्या वर्षी त्यांना पूर्वीपेक्षा जास्त लग्नं आली. औषधाची बाटली त्या कमरेला खोचून मांडवात बसतात. गावात अशी समजूत पसरली की पनवेलच्या डॉक्टरने रडू थांबवायचं औषध दिलंय. पाठवणीच्या वेळी बायका ते मागायला लागल्या. गोमाबाईंनी मला निरोप पाठवला होता, ‘बायांना सांगा, निस्ता पानी हाय तो.’ मी सांगितलं. कुणाचा विश्वास बसला नाही.

यंदाच्या वैशाखात त्याच गावात रमाकांतच्या चुलतभावाच्या मुलीचं लग्न होतं. मला पत्रिका आली, दोघांच्या नावाची, छापताना कुणाच्या लक्षात आलं नसावं. सुधाला जाऊन तीन महिने झाले होते. मी कुठल्याच समारंभाला थांबत नव्हतो. तोंड दाखवायचं, पाकीट द्यायचं आणि जेवणाच्या आधी निघायचं, असं ठरवून टाकलं होतं. जेवताना माणसं शेजारी बसून विचारपूस करतात.

मांडवात मागच्या रांगेत बसलो. गोमाबाई आता पुष्कळ थकल्या आहेत, पण आवाज धरून होता. देव झाले. त्या घरातले गेलेले झाले. मी पाकीट खिशातून काढून उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात त्यांनी आणखी एक नाव धरलं. नाव असं नव्हे. त्यांनी म्हटलं, साळंतली बाई. बाईला पण बोलावणं आहे, तिने लेकरांना अक्षरं दिली, तिने मांडवात यावं, असं त्या गाण्याच्या चालीत म्हणत होत्या. मागच्या बायकांनी ते दोनदा उचललं. समोर नवरीचा बाप बसला होता, तोही सुधाचा विद्यार्थी. त्याने टोपी काढून मांडीवर ठेवली.

सुधाला आमंत्रण होतं. ती येणार म्हटल्यावर मला उठून जाता येईना. पाकीट खिशात परत ठेवलं आणि मी जेवायला थांबलो.